पणजीचं नाव काय होतं?

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं बोलणं)

कुणी भाकरी थापत ऐकत असेल, कुणी शेतातून नुकतीच आली असेल, कुणी गटाची वही घेऊन बसली असेल. आज कर्ज, व्याज, हप्ता यातलं काही नाही. आज एकच प्रश्न विचारते. सासऱ्यांच्या वडिलांचं नाव काय, असं विचारलं तर तुमच्यातल्या बऱ्याच जणी लगेच सांगतील. त्यांच्याही वडिलांचं नाव सांगतील. आता आईच्या आईचं नाव आठवा. आणि तिच्या आईचं?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न मी अनेकदा विचारते. आजीच्या नावापर्यंत बहुतेक जणी येतात. पणजीपाशी आलं की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. "आम्ही तिला माईच म्हणायचो," असं उत्तर येतं. माई हे काही नाव नव्हे. तिला नाव होतं, माहेर होतं, तिचंही कधीतरी बारसं झालं होतं. मग ते गेलं कुठं?

घराण्याचा मूळपुरुष कसा शोधतात, ते आज बघू. आणि मूळपुरुष सापडतो, पण मूळबाई का सापडत नाही, हेही बघू. हा विषय हौसेचा वाटेल. पण याच कागदांवर जमिनीतला वाटा, जातीचा दाखला आणि पोरीबाळींचा हक्क अवलंबून असतो.

आपण सगळे कुठून तरी आलेले

"आम्ही इथलेच," असं आपण म्हणतो. पण आडनावं नीट ऐका. पैठणकर, वैजापूरकर, जालनेकर. पैठणात राहणाऱ्याला कुणी पैठणकर म्हणत नाही. पैठण सोडून दुसऱ्या गावी गेला की तो पैठणकर होतो. दुष्काळ, लढाया, रोगराई, कामधंदा, वतन, लग्न, अशा कारणांनी माणसं हलत आली. आणि बाई तर प्रत्येक पिढीत हललीच. ती लग्न करून दुसऱ्या गावाला गेली, म्हणजे तीही स्थलांतरितच.

आपलं संभाजीनगरच बघा. १६१० साली मलिक अंबरनं खडकी गावाजवळ हे शहर वसवलं. तो इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढं निजामशाहीचा कर्ता माणूस झाला. शहर वसवणाराच दूरदेशीहून आलेला होता.

आता वेरूळ घ्या. वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. मालोजीराजे, शहाजीराजे इथलेच. शहाजीराजांचे धाकटे पुत्र व्यंकोजीराजे दक्षिणेत गेले आणि तामिळनाडूत तंजावरला राज्य केलं. त्यांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. लेख खूप लांबलचक आहे, आजही तिथं उभं राहून वाचता येतो. तामिळ मुलखात राहूनही आपलं घराणं कुठून निघालं, हे विसरलं जाऊ नये म्हणून राजानं दगडाचा आधार घेतला.

राजाला दगड परवडला. साध्या कष्टकऱ्याचं काय? तो दूरदेशी गेला तर त्याची नातवंडं-पतवंडं त्याचं गाव कशावरून शोधणार? याचं उत्तर समुद्रापलीकडच्या मराठी माणसांकडे आहे.

मॉरिशसचे मराठी आपलं गाव कसं शोधतात

आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रात मॉरिशस नावाचं छोटं बेट आहे. तिथं इंग्रजांचं राज्य होतं आणि उसाचे मोठमोठे मळे होते. आधी त्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. १८३५ साली तिथली गुलामी कायद्यानं बंद झाली. मग ऊस कोण तोडणार? इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांहून जास्त माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि मद्रासकडची होती. काही जहाजं मुंबईहूनही सुटली. त्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची मराठी माणसं होती.

त्यांचे वंशज आज तिथंच आहेत. तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पाच-सहा पिढ्या गेल्या तरी "आमचे पूर्वज महाराष्ट्रातले" हे त्यांना ठाऊक असतं. पण नेमकं गाव कोणतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मग ते शोधायला निघतात. त्यांची रीत साधी आहे आणि आपल्यालाही उपयोगी आहे.

पहिली पायरी आपल्या स्वतःच्या जन्मदाखल्याची. त्यावर आईबापाचं नाव. त्यावरून आईबापाच्या लग्नाची नोंद काढायची. त्यात आजीआजोबांची नावं. असं एकेक पिढी मागं जायचं, पायरी गाळायची नाही. मागं जाता जाता कधीतरी अशी नोंद हाती लागते, जिथं नावापुढं एक नंबर असतो. हा नंबर सापडला की समजायचं, जहाजातून आलेलं माणूस हेच.

पोर्ट लुई बंदरात मजूर उतरत. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. धक्क्यावरून वर जायला सोळा पायऱ्या होत्या. वर गेल्यावर प्रत्येक माणसाला नंबर मिळे आणि रजिस्टरात त्याची नोंद होई. नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख. १८६० नंतरच्या दशकात तर मजुरांचे फोटोही काढायला लागले. युनेस्कोनं २००६ साली आप्रवासी घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ती जुनी रजिस्टरं आज मॉरिशसमध्ये मोका इथं महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत. नंबर घेऊन माणूस तिथं जातो, रजिस्टर उघडतं आणि पणजोबाच्या कपाळावरच्या व्रणापर्यंत सगळं समोर येतं.

अडचणीही आहेत. नोंद करणारा कारकून परदेशी. आपला माणूस बोलला "लक्ष्मण", त्यानं कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. गावांच्या नावांचंही तेच झालं. आडनाव तर बहुतेकांचं गळूनच गेलं. आजोबाचं किंवा बापाचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. म्हणून शोधणारे एकाच स्पेलिंगवर अडून बसत नाहीत. नाव मोठ्यानं म्हणून बघतात आणि कानाला जवळ वाटणारी दुसरी नावंही तपासतात. जिल्हेही बदलले. रजिस्टरात रत्नागिरी असेल, पण ते गाव आज सिंधुदुर्गात असू शकतं, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला.

शोध लागला तर फायदा काय? मनाला समाधान, ते आहेच. पण २०२४ च्या मार्च महिन्यात भारत सरकारनं जाहीर केलं, की मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड, मिळू शकेल. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका नोंदीला आज किंमत आली.

बाईलाही नंबर होता

आता मला मुळात जे सांगायचं आहे ते. मॉरिशसच्या रजिस्टरात बाईलाही स्वतःचा नंबर आहे. ती नवऱ्याबरोबर आली असो की एकटी, तिची नोंद वेगळी. तिचं नाव, तिचं वय, तिचं गाव. म्हणून आज मॉरिशसमधली एखादी मुलगी बापाचा वंश शोधते, तसाच आईच्या आईच्या आईचाही शोधू शकते.

कुणी म्हणेल, वा, इंग्रज किती चांगले! तसं नाही. ही नोंद बाईच्या मानासाठी नव्हती. मजूर पळून गेला तर धरता यावा, कोण कुणाच्या मळ्यावर बांधला आहे हे कळावं, म्हणून ती होती. फोटो लावलेला परवाना जवळ नसला तर मजुराला पकडत. कागद मालकाच्या सोयीचा होता. पण त्याच कागदावर बाईचं नाव टिकलं आणि आज तिच्या पणतीच्या कामी आलं.

नाहीतर जगभर बायकांची नावं गळालेलीच दिसतात. १६२० साली मेफ्लॉवर नावाचं जहाज इंग्लंडहून अमेरिकेला गेलं. त्यात १०२ प्रवासी होते. त्यांचे वंशज अमेरिकेत आजही मोठ्या अभिमानानं आपलं नातं त्या जहाजापर्यंत नेऊन भिडवतात. प्रवाशांची यादी विल्यम ब्रॅडफर्ड या त्यांच्यातल्याच एका पुढाऱ्यानं लिहून ठेवली. त्या यादीत पुरुषांची नावं आहेत, पण काही बायकांपुढं एवढंच आहे, की अमक्याची बायको. नाव नाही. तीही तोच समुद्र ओलांडून गेली, तीच थंडी तिनं सोसली. चारशे वर्षांनी तिचे वंशज तिला शोधतात, तेव्हा हाती लागते ती अमक्याची बायको.

आणि आपल्याकडे? उसाचीच गोष्ट घ्या. मराठवाड्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो आणि वहीत लिहितो, एक कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, पण वहीत ती नसते. दीडशे वर्षांपूर्वी मॉरिशसच्या उसात गेलेल्या बाईला नंबर होता. आज आपल्या शेजारची बाई उसात जाते आणि वहीत ती अर्धा कोयता असते. तुमच्या गावातून टोळी जात असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं काम गावपातळीवर ग्रामसेवकाकडे दिलेलं आहे. नवऱ्याबरोबर बायकोचीही स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र कार्ड मागा.

आपल्या घराचा शोध कसा घ्यायचा

आता आपली पाळी. मॉरिशसच्या लोकांसारखंच, आजपासून मागं, एकेक पायरी.

पहिला कागद म्हणजे घरातली म्हातारी. तिच्याशी बोलायला उद्याची वाट बघू नका. "जुनं काही सांगा," असं विचारलं तर ती म्हणेल, काय सांगू बाई. त्यापेक्षा नेमकं विचारा. तुमचं माहेरचं नाव काय? लग्नात नाव बदललं का? आईचं माहेर कुठलं? कोणत्या दुष्काळात गाव सोडलं? कुलदैवत कोणतं, देवक कोणतं, जत्रेला कुठं जायचे? कुलदैवताचं ठाणं बऱ्याचदा जुन्या गावाकडचं असतं. तिला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर म्हणायला लावा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ओव्यांत भावाचं नाव येतं, माहेरच्या गावाचं नाव येतं, वाटेवरच्या देवाचं नाव येतं. जिला लिहिता येत नव्हतं, तिनं आपली नोंद गाण्यात करून ठेवली.

दुसरी जागा फडताळातली. जुनी पितळी भांडी उतरवा. तांब्यावर, घागरीवर, ताटावर नाव घातलेलं असतं. कुणी कुणाला दिलं, कोणत्या लग्नात, कधी कधी तारीखसुद्धा. कागद वाळवीनं खाल्ले, पण भांडी राहिली. मोडीत घालण्याआधी एकदा वाचून तर बघा.

तिसरी जागा शाळा. गावच्या जुन्या शाळेत प्रवेश-निर्गम रजिस्टर असतं, त्याला दाखल-खारीज असंही म्हणतात. आजोबा दुसरीपर्यंत जरी शिकले असतील तरी त्यात त्यांचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख आणि बहुधा जातही सापडते. मुख्याध्यापकांकडे अर्ज केला की उतारा मिळतो. गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंद म्हणजे गाव नमुना १४. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तेही तहसीलमध्ये विचारा.

चौथी जागा जमिनीचे कागद. सातबारा सगळ्यांना माहीत आहे. पण सातबारा आजचं सांगतो. कालचं सांगतो तो फेरफार. सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर दिलेले असतात. एकेक फेरफार काढत मागं गेलं की कोण कधी वारलं आणि वारस कोण लागले, ते कळतं. मराठवाड्यात त्याहून मागं जायचं तर १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि जुनी पाहणी पत्रकं. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात.

याच्याही मागं गेलं की आपल्याकडे एक वेगळी अडचण येते. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथला कारभार उर्दूत चाले. काही कागद मोडीत, त्याहून जुने फारसीत. त्यावर साल असतं ते फसली. फसली सालात ५९० मिळवले की आपलं इंग्रजी साल निघतं. कागदावर १३४४ फसली असेल तर ते १९३४-३५. घाबरू नका. गावातल्या उर्दू शाळेतले एखादे निवृत्त मास्तर, एखादे मौलवीसाहेब दोन मिनिटांत वाचून देतात. मोडीसाठी जाणकार शोधावे लागतात. संभाजीनगरला पुराभिलेख खात्याचं कार्यालय आहे, तिथंही चौकशी करता येते.

जिल्ह्यांचा घोळ इथंही लक्षात ठेवा. जालना जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद हे सगळं औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून निघालं, हिंगोली १९९९ साली परभणीतून. म्हणून जुना कागद आजच्या जिल्ह्यात नाही सापडला, तर जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी विचारा.

पाचवी जागा धर्माच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक अशा ठिकाणच्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळी असतात. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, गाव कोणतं, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं असतं. श्राद्धाला बापाच्या बाजूच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं विचारतात. म्हणून तिथं कधी कधी बाईचं नाव सापडतं. मुस्लिम मैत्रिणींनी काझींकडची निकाहाची नोंद बघावी. त्यात नवरीचं नाव आणि तिच्या वडिलांचं नाव असतं. ख्रिस्ती मैत्रिणींना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आईचं नाव मिळतं. बंजारा तांड्यांवर भाट पूर्वजांची नावं म्हणून दाखवतात. ज्यांच्याकडे कधी जमीनच नव्हती, त्यांना शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुक आणि घरातली म्हातारी याच मोठ्या जागा.

वंशावळीत लेक कुठं आहे?

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात जुन्या नोंदींचा शोध खूप वाढला. २०२३ साली सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हापासून खासरा, पाहणी, कोतवाल बुक हे शब्द पारावर ऐकू यायला लागले. त्या निमित्तानं घरोघरी वंशावळी तयार झाल्या. त्या एकदा नीट बघा. मूळपुरुष वर, खाली त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. लेकी नाहीत, सुना नाहीत. जणू त्या घराण्यात कधी आई नव्हतीच.

जातीच्या पडताळणीत बापाकडचं रक्ताचं नातं बघतात, म्हणून त्या कामापुरती तशी वंशावळ लिहितात, हे खरं. पण त्यातही बाईला एक गोष्ट माहीत हवी. लग्न झालं तरी जात माहेरच्या कागदावरूनच ठरते. उद्या राखीव जागेवर सरपंचपदाला उभं राहायचं ठरवलं, तर सासरचे कागद चालत नाहीत. आजोबाचा, वडिलांचा दाखला माहेरून आणावा लागतो. ऐन निवडणुकीत भावाकडे धावण्यापेक्षा आजच झेरॉक्स काढून ठेवा. स्वतःच्या शाळेची टीसी आणि लग्नाच्या नोंदणीचा दाखला एकत्र ठेवा. कारण टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, हे सांगणारा कागद म्हणजे लग्नाचा दाखला.

वारस नोंदीच्या वेळी मात्र लेकीला गाळलेली वंशावळ चालवून घ्यायची नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल झाला, तो ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं, की २००५ साली वडील हयात होते की नव्हते, यावर लेकीचा हा हक्क अवलंबून नाही. लग्न झालं म्हणूनही तो जात नाही. विधवा पत्नी आणि आई यासुद्धा वारस असतात. इतर धर्मांच्या मैत्रिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत, पण वारस म्हणून लेकीचं नाव त्यातही येतं.

घरात कुणी वारलं तर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची असते. सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं शपथपत्र. तलाठी नोंद घेतात, नोटीस निघते, हरकतीला मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्या शपथपत्रावर लेकींची नावं आहेत का, हे वाचून बघा. "बहिणींना काय द्यायचं, त्यांचं लग्नात भागलं," असं म्हणून नावं गाळली तर ते शपथेवरचं खोटं ठरतं. बहिणीला खरंच हक्क सोडायचा असेल तर त्याला नोंदणीकृत हक्कसोड पत्र असतं. तेही तिच्या राजीखुशीनं, वाचून, समजून. कोऱ्या कागदावर अंगठा नाही.

कुणी म्हणेल, ताई, तुम्ही भावाबहिणीत भांडण लावता. नाही. वाटा घ्यायचा की नाही, हे तिनं ठरवावं. पण ती त्या घरात जन्मली होती, हे कागदावर असलंच पाहिजे. नाव लिहिणं वेगळं, वाटा मागणं वेगळं. नावच नसेल तर पुढचं बोलणंच होत नाही.

पुढच्या बैठकीत काय करायचं

एक चांगली गोष्ट झाली आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदावर असं लिहायचं आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव. म्हणजे आता जन्मलेल्या लेकराला पुढं आईचं नाव शोधत फिरावं लागणार नाही. तुमच्या घरी बाळ झालं असेल तर जन्मदाखल्यावर नाव बरोबर आहे का, स्पेलिंगसकट तपासा.

पण त्याआधीच्या सगळ्या बायकांचं काम आपल्यालाच करायचं आहे. पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येकीनं एक कोरा कागद आणा. खाली आपलं नाव लिहा, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. त्याच्यावर आईचं नाव आणि आईचं माहेर. त्याच्यावर आजीचं आणि तिचं माहेर. जिथं अडेल तिथं जागा मोकळी सोडा आणि महिनाभरात फोन करून, मामाला, मावशीला, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून भरा. सासूकडचंही तसंच लिहा. मग ही साखळी लेकीला समजावून सांगा. तिच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कागद टीसीच्या पिशवीत ठेवा. माझ्या अनुभवानं सांगते, हा कागद लिहायला बसलं की सासू-सुना कधी नव्हे त्या दोन तास गोडीनं बोलतात.

आणि शेवटचं, आपल्या गटाच्या वहीबद्दल. इतिवृत्ताची वही म्हणजे फक्त बँकेला दाखवायचा कागद नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावात बायकांची नावं आणि सह्या एकत्र असलेली वही कुठं होती? आज ती तुमच्या गटात आहे. म्हणून हजेरी लिहिताना सौ. जाधव, सौ. शेख असं लिहून मोकळ्या होऊ नका. प्रत्येकीचं पूर्ण नाव लिहा. अंगठा असेल तिथं त्याच्यापुढं नाव लिहा. वही भरली की रद्दीत देऊ नका, ग्रामसंघाच्या कपाटात तारखेनं लावून ठेवा. उद्या तुमची एखादी पणती शोधायला निघाली, तर तिला तुमचं नाव, तुमची सही आणि तुम्ही किती बचत केली होती, तेही सापडू दे.

कागद आणायला विसरू नका. भेटू पुढच्या बैठकीत. नमस्कार.